मागच्या खोलीतला रॅक

३ मार्च

चिमणे,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. कागदावर तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

काल कामावरून आले तर जिन्याच्या तोंडाशी तीन लांबलचक खोकी. टेम्पोवाला म्हणतो, "सही करा." मी म्हटलं, "कशावर? मी काहीच मागवलेलं नाही." तो म्हणतो, "स्क्वॉट रॅक आहे बाई. वजनाचा बार ठेवायचा सांगाडा. पत्ता तुमचाच आहे." पाठवणाऱ्याच्या जागी तुझ्या बेकरीचा शिक्का आणि खाली तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, 'भिंगरीसाठी, आत्याकडून.'

तुझ्या डोक्यात पिठाशिवाय काही शिल्लक आहे की नाही?

कोणत्या घरात काय पाठवतोय, एवढा तरी विचार करायचास. याच घरात, याच मागच्या खोलीत, तीन वर्षांपूर्वी तुझा दादा बेंचवर उताणा पडून वजन उचलायला गेला. घरात कुणी नाही. बार ठेवायला दोन सुटे स्टँड, खाली अडवायला काही नाही, आणि बारच्या दोन्ही टोकांना क्लिपा आवळलेल्या, म्हणजे वजनाच्या चकत्या एका बाजूनं घसरून पडायचीही सोय नाही. हात दमले आणि बार गळ्यावर आला. मी दार उघडलं तेव्हा काय दिसलं ते तुला सांगायला नको. सगळ्यांच्या आधी तूच पोचली होतीस.

ते स्टँड मी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिले. खोलीला कुलूप घातलं. पोरीला पोहायला घातलं, म्हटलं पाण्यात तरी गळ्यावर काही पडत नाही. आणि आता तू लोखंडाची खोकी पाठवतेस, वरून 'आत्याकडून'!

मी लिफ्ट तपासते, चिमणे. दोर तुटला तरी डबा खाली कोसळू नये म्हणून जी पकड असते, ती लागते की नाही हे बघणं हे माझं पोट आहे. गावभर मी सांगत फिरते की एका दोरावर जीव टाकू नका. तेव्हा मला काय शिकवायचं ते बघून शिकव.

खोकी उघडलेली नाहीत. जिन्यात पडली आहेत आणि खालचे दंतवैद्य येता-जाता त्यांना ठेचकाळून माझ्या नावानं पुटपुटतात. या आठवड्यात उचलून ने.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

पत्र पहाटेच्या घाईत आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा भट्टीतच घालणार होते. मग पावांचा पहिला घाणा काढला, हात पुसले आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. इतकं सोपं आहे ते.

दादा माझाही होता. आम्ही दोघं शाळेत होतो तेव्हापासून बाबांच्या बेकरीत पिठाची पोती उचलायची पैज लावायचो. तो हरला की म्हणायचा, "चिमणे, तुझं पोतं ओलं नव्हतं." मी आज गावातल्या कुठल्याही पुरुषाच्या बरोबरीनं पोतं उचलते, ते त्याच्यामुळे. लोखंडानं काही केलेलं नाही, वहिनी. लोखंडाला शिव्या घालून ते वितळत नाही.

आणि भिंगरी काय दूधखुळी आहे? एकोणीस वर्षांची घोडी झाली. ज्याला जे करायचंय तो ते घरात नाही तर दारात करतो. मग घरात, डोळ्यांसमोर, नीट वस्तूत का करू नये? जरा तिच्याकडे बघ. खांदे बघ तिचे. असे खांदे काय पोहून होतात?

रॅक परत घेणार नाही. दिलेली भेट आहे. दंतवैद्यांना म्हणावं, पाय उचलून चाला, दात तर दुसऱ्यांचे पडतात.

चिमणी


१३ मार्च

चिमणे,

खोकी उघडली. तुझ्यासाठी नाही. दंतवैद्यांच्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या पायाचं बोट ठेचलं आणि ते वर येऊन मला म्हणाले, "मी दात काढतो, नखं नाही." म्हणून सगळं ओढून व्हरांड्यात आणलं, आणि आता समोर आलंच आहे तर काय पाठवलंय बाईनं, ते तरी बघावं म्हटलं.

बघितलं. तू हे चित्र बघून घेतलंस ना? लाल रंग आवडला म्हणून?

खांब दोनच. ते आमच्या छतापेक्षा हातभर उंच, म्हणजे वरचा मजला फोडावा लागेल. पत्रा इतका पातळ की बोटानं टिचकी मारली तर डब्यासारखा वाजतो. खांबांना भोकं आहेत, पण दोन भोकांमध्ये वीतभर अंतर. बार निसटला तर अडवायचे जे दांडे आहेत ते त्याच भोकांत बसतात. म्हणजे एका भोकात लावले तर बार छातीपर्यंत येतच नाही, व्यायाम होत नाही. एक भोक खाली लावले तर गळा मधल्यामध्ये मोकळा. बरं, हे दांडे एकेका खिळीवर लटकलेले. एकेका! माझ्या हाताखालच्या माणसानं अशी लिफ्ट पास केली असती तर मी त्याला घरी पाठवला असता.

आणि 'तिच्याकडे बघ' म्हणजे काय गं? मी बघत नाही? सकाळी तिचा डबा कोण भरतं, तिच्या पोहण्याच्या पिशवीत टॉवेल कोण ठेवतं, तू? महिन्यातून एकदा फोन करायचा, "काय गं भिंगरी, काय खाल्लंस," की झाली आत्याची माया! खांदे म्हणे. पोहणाऱ्यांचेच खांदे रुंद असतात, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तुला मूलबाळ नाही, चिमणे. म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर तुला असले खेळ सुचतात.

हे वाक्य लिहिलं आणि खोडायला पेन उचललं. नाही खोडत. राहू दे तसंच.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

ते वाक्य वाचलं. त्याचं काय करायचं ते नंतर बघू. कदाचित काहीच नाही करायचं.

मी भिंगरीला शब्द दिला होता, तो आता मोडतेय.

ती पोहायला जात नाही. वर्ष होऊन गेलं. तिच्या मैत्रिणीच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे ना पुलाच्या अलीकडे, त्याच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथं दोघी वजन उचलतात. तुझा टॉवेल ती बेंचवर अंथरते.

जानेवारीत तिनं मला फोटो पाठवला. खुशीत होती, नवीन वजन उचललं होतं. फोटोत तिच्या मागे दोन निळे स्टँड. डाव्या स्टँडच्या पायाला जोडकामाची एक जाड गाठ. ती गाठ मी कुठंही ओळखीन, कारण तो पाय तुटला तेव्हा दादानं तो माझ्याच बेकरीच्या मागच्या अंगणात जोडून घेतला होता.

वहिनी, ते दादाचेच स्टँड आहेत. तू भंगारात दिलेस, आणि दुसऱ्या दिवशी तुझी सोळा वर्षांची पोरगी भंगारवाल्याकडे जाऊन ते परत घेऊन आली. कुणाला बोलली नाही.

मी फोनवर तिच्यावर इतकी ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर गेली. तिनं रडून माझ्याकडून वदवून घेतलं की आईला सांगायचं नाही, आई मरून जाईल. मग मला दुसरं काय सुचणार? म्हटलं घरात काहीतरी बरं येऊ दे, म्हणजे ती त्या शेडमधून तरी निघेल. घाईत घेतला. हो, चित्र बघून घेतला. लाल होता.

आता तू बघ.

चिमणी


२१ मार्च

आत्या,

तू शब्द मोडलास. मी तुला आईपेक्षा जवळची समजायचे, म्हणून फोटो पाठवला होता. यापुढे फक्त पाव कसे झालेत एवढंच विचारीन.

काल आई शेडमध्ये आली. काय काय झालं ते तिलाच विचार, तुम्ही दोघी एकमेकींना सगळं सांगताच ना हल्ली. ती घरी बोलत नाहीये. मीही बोलत नाहीये. मध्ये भांडी आपटली जातात तेवढाच आवाज.

मी मूर्ख नाही. मी नेहमी मैत्रिणीला समोर उभं करते, क्लिपा लावत नाही. बाबांचं काय चुकलं ते मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, मी त्याचाच विचार करते. पण तुम्ही दोघींनी मला एकदा तरी विचारलंत का, की तुला ते स्टँड का हवे होते?

भिंगरी


२४ मार्च

चिमणे,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं. तशीच उलट्या पावली निघाले. कामाचा पट्टा कमरेला, हातात बॅटरी. पुलापर्यंत चालत गेले की पळत, आठवत नाही.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत भिंगरी बेंचवर उताणी, हातात बार, खाली येत असलेला. समोर मैत्रीण उभी, पण तिचं लक्ष दारात आलेल्या माझ्याकडे गेलेलं. चिमणे, मी ओरडले नाही, आणि बरं झालं. ओरडले असते तर पोर दचकली असती. मी तशीच पुढे गेले आणि तिच्या डोक्याशी उभी राहून बारच्या खाली दोन्ही हात धरले. तिला मी उलटी दिसत असणार. तिचे डोळे मोठे झाले, पण ती थांबली नाही. वर नेला, खाली आणला, वर नेला. पाच वेळा. मग तिनं बार स्टँडवर ठेवला आणि उठून बसली.

मग मी ओरडले. काय ओरडले ते विचारू नको. सायकलवाला हातात पाना घेऊन धावत आला, बघितलं आणि तसाच मागे गेला.

मी एक स्टँड एका हातानं ढकलला. नुसता ढकलला. पडला. म्हटलं, "हे? याच्यावर? ज्यानं तुझा बाप खाल्ला त्याच्यावर?"

तर ती तुझ्यासारखीच हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तू त्यांचं सगळं देऊन टाकलंस. कपडे दिलेस, बूट दिलेस, रेडिओ दिलास. खोलीला कुलूप घातलंस. मला विचारलंस? हे दोनच उरले होते, आई. मला दुसरं काही मिळालं नाही म्हणून मी हे आणले!"

"हेच उरायचे होते?"

"मी काय करू! तूच बाकीचं ठेवलं नाहीस!"

कुणी खरं सुनावलं की मला अजून राग येतो, तुला माहीतच आहे. मी सायकलवाल्याला म्हटलं, "लोखंड कापायचं यंत्र आहे?" तो म्हणाला, "आहे, पण..." मी भिंगरीकडे बघितलं. ती मान फिरवून म्हणाली, "काप. पण मी उचलायचं थांबणार नाही. घरात नाही तर आणखी कुठंतरी."

कापले. ठिणग्या उडत होत्या तेवढा वेळ दोघी बघत उभ्या होतो. घरी येताना ती रस्त्याच्या त्या बाजूनं, मी या बाजूनं.

चार दिवस झाले, घरात मुक्यांचं राज्य आहे. तुझा तो लाल सांगाडा व्हरांड्यात धूळ खातोय, त्याच्यावर तिनं काल ओले मोजे वाळत घातले.

ते मूलबाळाचं वाक्य माझं चुकलं. पत्र हातातून गेल्यावर कळलं असं नाही, लिहितानाच कळलं होतं. माफ कर म्हणायला तोंड नाही. तू मला दोन शिव्या लिहून पाठव.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

दोन शिव्या: मठ्ठ. आडमुठी. घे.

आता माझं ऐक. तुम्ही दोघी एकमेकींवर ओरडता, मी तुझ्यावर ओरडते, भिंगरी माझ्यावर. आणि ज्याच्यावर ओरडायचं तो भिंतीवर हार घालून हसत बसलाय.

तुला माहीत नसेल, जायच्या आधी दोन वर्षं तो रॅकच निवडत होता. रोज मला फोटो. 'चिमणे, याचे खांब जाड आहेत. चिमणे, याची भोकं जवळजवळ आहेत बघ. चिमणे, याला वर लटकायची सोय आहे.' मी म्हणायचे, "घे ना एकदाचा!" तर म्हणायचा, "घाई काय आहे, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे, नीट बघून घेऊ." तोवर ते दोन लंगडे स्टँड आहेतच. निवडता निवडता मेला गाढव. ज्या वस्तूनं वाचला असता ती वस्तू पारखत बसला आणि गेला.

मला त्याचा इतका राग येतो, वहिनी. आणि कुणापुढे काढायची सोय नाही. मेलेल्या माणसावर चिडलं की लोक आपल्याला पाणी आणून देतात आणि बस म्हणतात. मला नाही बसायचं. मला त्याचं बखोट धरून विचारायचंय, की बाबा रे, लाल नाही तर काळा, हा नाही तर तो, पण घेतला का नाहीस?

माझा रॅक दुकानाला परत केला. परवा माणूस येईल, व्हरांड्यातून घेऊन जाईल. मोजे काढून ठेव.

तू निवड. तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही कुठली वस्तू कुठं दगा देते. पण दोन वर्षं लावलीस तर मी पुढच्या वेळी खोकी नाही, स्वतः येईन.

चिमणी


११ एप्रिल

चिमणे,

तो दोन वर्षं निवडत होता हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, बेफिकीर होता. तीन वर्षं मी बेफिकीर माणसावर चिडत होते. तुझं पत्र वाचलं आणि समजलं की काळजी होती, नुसती पुढं ढकललेली. हे जास्त चीड आणणारं आहे.

भिंगरीच्या दारावर थाप मारून म्हटलं, "ऊठ. रॅक बघायला जायचंय." ती दार न उघडता म्हणाली, "कुणासाठी?" म्हटलं, "माझ्यासाठी. मला या वयात पहिलवान व्हायचंय." हसली नाही, पण चप्पल घातली.

दुकानात जाड मानेचा एक विक्रेता होता. आम्हाला बघून लगेच गोड झाला. "घरगुती वापर ना? मग हा घ्या ताई, छोटा, घडी होतो, भिंतीला लागतो. तुमच्याकडे जास्त वजन कोण उचलणार?" भिंगरीनं ती किती वजन उचलते ते सांगितलं. तो हसला. तिनं पुन्हा सांगितलं. मग नाही हसला.

मी म्हटलं, "उचलताना काय होतं ते नका दाखवू. पडताना काय होतं ते दाखवा."

"पडत नाही ताई, कंपनीची गॅरंटी आहे."

"रॅक नाही हो. माणूस. माणूस दमला आणि बार सुटला, तर काय होतं?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं तर भिंगरी त्याला बाजूला सारून स्वतःच एकेक रॅक हलवून बघायला लागली. हलवायची, वाकायची, भोकांमधलं अंतर बोटांनी मापायची. मी दुसऱ्या टोकाकडून तेच करत होते. मध्ये भेटलो तेव्हा दोघींचा हात एकाच रॅकवर होता. चार खांबांचा, पिंजऱ्यासारखा, आमच्या छताला बसेल एवढ्या उंचीचा. छातीच्या उंचीवर भोकं अगदी जवळजवळ. अडवणारे दांडे पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आरपार, दोन्ही टोकांना धरलेले. लटकलेले नव्हते.

"हा," भिंगरी म्हणाली.

"आधी बघू," मी म्हटलं आणि बेंच आत ओढून त्याच्यावर उताणी पडले.

विक्रेता म्हणाला, "अहो ताई, साडी..." म्हटलं, "साडीला काही होत नाही. बार द्या."

भिंगरीनं दांडे लावले. मला म्हणाली, "छाती फुगव. आता बार छातीला टेकतो की नाही? टेकतो. आता श्वास सोडून सपाट हो." सपाट झाले. बार दांड्यांवर थांबला. माझ्या गळ्याच्या वर, बरोबर दोन बोटं. मी हात सोडून दिले. त्यांनी चकत्या चढवल्या, एक, दोन, आणखी. बार तिथंच.

मी तिथं पडून होते. वर पत्र्याचं छत, एक ट्यूब, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. आणि मला कळलं, त्याला शेवटी असंच काहीतरी दिसलं असणार. आमच्या छताला पोपडे धरले होते, ते रंगवायचंही त्यानं पुढं ढकललं होतं.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी तशीच पडल्या पडल्या ओरडले, "गाढवा! एवढंच लागत होतं! दोन दांडे! दोन दांडे लागत होते रे!" विक्रेत्यानं खरंच पाणी आणलं, तू म्हणालीस तसं.

भिंगरीनं ते पाणी घेतलं आणि बाजूच्या बाकावर ठेवून दिलं. मला वाटलं ती मला उठवेल, लाजेल. ती म्हणाली, "आई, सरक. आता मला."

मी सरकले. ती पडली, हात सोडले, वर बघितलं. आणि तिच्या बापाला तिनं जे सुनावलं ना चिमणे, मी तीन वर्षांत तसं रडले नव्हते. "मला शिकवणार होतात ना! मला म्हणाला होतात, थांब, रॅक आला की शिकवतो!" हे तिच्या पोटात होतं. मी तिला पोहायला पाठवत होते.

रॅक काळा आहे. तिला निळा हवा होता, मी म्हटलं निळा या घरात येणार नाही, त्यावरून आम्ही परत येताना रस्ताभर भांडलो. पण एकाच बाजूनं चालत.

वहिनी


२८ एप्रिल

वहिनी,

भिंगरीचा फोन आला. पाव कसे झालेत, विचारलं. मी म्हटलं, करपले. मग तासभर बोलली.

रॅक जमिनीला बोल्टनं आवळलात ना? मागची खोली कशी दिसते?

चिमणी


६ जून

चिमणे,

आवळला. आधी जाड फळ्यांचा तळ केला, त्यावर रबर, त्यावर रॅक. प्रत्येक बोल्ट मी स्वतः पिळला आणि भिंगरीनं स्वतः पिळून बघितला. तिचा माझ्यावर विश्वास नाही, आणि ते मला आवडलं.

कुलूप काढलं तेव्हा खोलीला वास येत होता. दोघींनी मिळून छत रंगवलं.

मी एक नियम घातला. प्रत्येक वेळी सुरुवातीला बार एकदा मुद्दाम सोडायचा, दांड्यांवर पडू द्यायचा. अडतो हे कानानं ऐकायचं, मगच त्याच्याखाली जायचं. पकड तपासल्याशिवाय मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. ती म्हणाली, "रोज?" म्हटलं, "रोज."

पहिल्या सकाळी बार सोडला आणि असा आवाज झाला की खिडक्या वाजल्या. दुसऱ्या मिनिटाला दंतवैद्य दारात. दवाखाना पुढे आणि मागे ते राहतात, तुला आठवत असेल. हातमोजे तसेच, चेहरा लाल.

"काय चाललंय काय! तोंडात ड्रिल होतं पेशंटच्या! जीभ कापली असती! एवढ्या सकाळी कसली आपटाआपटी? मी तक्रार करीन!"

मी ऐकून घेतलं. या माणसावरही मी तीन वर्षं चिडून होते. जिन्यात भेटला की मान खाली घालून जायचा, एकदा कधी विचारपूस नाही. म्हणून मीही सोडलं नाही. म्हटलं, "करा तक्रार. पण आधी एक सांगा. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी असा आवाज झाला असता, तर तुम्ही असेच वर धावत आला असता ना?"

ते थांबले. हातमोजे काढायला लागले, एकेक बोट ओढत.

"आलो असतो," ते म्हणाले. "त्या दिवशी दवाखान्यात कुणी नव्हतं. मी खाली पेपर वाचत बसलो होतो. तुमचा नवरा वर... आणि मी खाली कोडं सोडवत होतो. काही ऐकू आलं नाही हो. एक आवाज आला नाही."

मग मी म्हटलं, "म्हणून आता रोज येणार." ते खाली गेले. संध्याकाळी चिठ्ठी सरकवली, पहिला पेशंट यायच्या आत उरकत जा. तेव्हापासून भिंगरी लवकर उठते. मी तिला कधी अलार्मनं उठताना बघितलं नव्हतं.

कालची गोष्ट सांगायला मुख्य म्हणजे हे पत्र. काल तिला ताप होता. निजू दिलं. मी चहा टाकला होता, तर बेल. एकदा नाही, बोट दाबूनच धरलेलं. दार उघडलं तर दंतवैद्य. अंगात बनियन, एका गालाला साबणाचा फेस, दुसरा गाल कोरा, पायात चप्पल नाही. धापा टाकत.

"आवाज का नाही आला?"

मला समजायला वेळ लागला. "ताप आहे तिला. झोपलीय."

"झोपलीय? तुम्ही बघितलंत? आत जाऊन बघितलंत?"

"बघितलं हो. आत्ताच कपाळावर पट्टी ठेवून आले."

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग एकदम इतके चिडले, चिमणे, की फेस माझ्या दारावर उडाला. "मग सांगायचं ना! आवाज होणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायला काय होतं? माणूस खाली कान देऊन बसतो! काही रीत आहे की नाही तुम्हा लोकांना?"

आणि पाय आपटत खाली गेले.

आज भिंगरीचा ताप उतरलाय, पण मी तिला उचलू देणार नाही. आत्ताच खाली जाऊन दवाखान्यात सांगून आले, उद्याही आवाज होणार नाही. म्हणाले, "ठीक आहे," मान वर न करता. मग मी दारापर्यंत गेल्यावर मागून ओरडले, "आणि परवा?"

वहिनी